तलवार धरून ठेवणारी वादी

आपल्याकडे तलवारीला इतिहासात भरपूर जागा मिळाली. तिच्यावर पोवाडे झाले, तिची नावे मुलांना पाठ झाली, परदेशात गेलेली तलवार परत आणावी म्हणून मागण्या झाल्या. पण ती तलवार घोडेस्वाराच्या कमरेला ज्या चामड्याच्या पट्ट्याने धरून ठेवली होती, त्याची साधी विचारपूस कोणी केली नाही. तलवार पोलादाची असते, ती दोनशे वर्षे टिकते. पट्टा चामड्याचा असतो. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, उन्हाळ्यात तडे जातात आणि घरातली मंडळी एक दिवस तो उकिरड्यावर टाकून देतात. त्यामुळे संग्रहालयाच्या भिंतीवर तलवार दिसते, कधी म्यान दिसते. पट्टा बहुधा दिसत नाही. ती कशी बाळगली जात होती, हे मात्र त्या पट्ट्याशिवाय समजत नाही. अशाच एका पट्ट्याची नक्कल मिळवण्याचा आम्ही प्रयत्न केला. त्या शोधात जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. बी.एड. करताना प्रत्येक पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना भरावा लागे. बहुतेक जण तिथे ‘खडू, फळा, नकाशा’ लिहून मोकळे होत. हा रकाना कधीतरी खऱ्या वस्तूने भरावा, असे आमच्या मनात तेव्हापासून होते. घोडदळाचा विषय निघाला की मुले पहिला प्रश्न विचारतात, “सर, तलवार आणणार का?” तलवार आम्हाला आणायची नव्हती. एक तर शस्त्र अधिनियम १९५९ आहे. दुसरे, गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात वाढदिवसाचा केक तलवारीने कापण्याचे जे वेड पसरले आहे आणि त्यापायी कोवळ्या वयाच्या मुलांवर गुन्हे दाखल झाल्याच्या ज्या बातम्या वरचेवर येतात, त्या वाचून शिक्षकाला झोप लागू नये अशी स्थिती आहे. आमच्या मोहल्ल्यातली मुले या वेडापासून दूर आहेत, असे म्हणण्याची सोय नाही. म्हणून वर्गात तलवारीऐवजी तिचा पट्टा न्यावा, असे आम्ही ठरवले.

आणखी एक कारण होते. हजेरीपत्रकावर नजर टाकली तर जमादार, शिलेदार, बारगीर, शिकलगार अशी आडनावे भेटतात. मुलांना या आडनावांचा अर्थ माहीत नसतो. पाठ्यपुस्तकात त्यांना सुलतान आणि सरदार दिसतात, स्वतःचा पणजोबा कुठे दिसत नाही. मग मूल एक तर स्वतःला बादशहाचा वारस समजते, नाहीतर इतिहासात आपले कोणीच नव्हते असे धरून चालते. दोन्ही समजुती खोट्या आहेत आणि दोन्ही नुकसान करतात.

त्यामुळे सुरुवात शब्दांपासून केली. उर्दूत ‘रिसाला’ म्हणजे मासिक. तेव्हा ‘निजामाचा रिसाला’ म्हटल्यावर आमच्या वर्गातल्या मुलांपुढे पुस्तकच उभे राहते. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घोडदळाची तुकडी, आणि त्या तुकडीचा अधिकारी तो रिसालदार. ‘शिलेदार’ हा शब्द अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, त्यावरून आला. मूळ रूप सिलाहदार. जो स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करतो तो बारगीर. ‘सैकल’ म्हणजे हत्याराला झिलई आणि धार देणे, ते करणारा सैकलगर, मराठीत शिकलगार. ‘जीन’ म्हणजे खोगीर, ते बनवणारा जीनगर. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरले की आज ते परके आहेत असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. घोडेस्वार एकटा लढत नव्हता. त्याच्या कमरेला शिकलगाराची धार आणि जीनगराची शिवण असायची. कातडे कमावणारे हात तर त्याही मागे.

आता पट्ट्याकडे वळू. युरोपातल्या घोडदळाच्या बाकदार तलवारीला सेबर म्हणतात. हंगेरीच्या हुसार नावाच्या हलक्या घोडेस्वारांकडून ती तलवार आणि तो पोशाख युरोपभर पसरला. इंग्रजी फौजेत १७९६ साली हलक्या घोडदळासाठी सेबरचा नवा नमुना ठरला. जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने तो आला. पाते सुमारे तेहेतीस इंच लांब, चांगले रुंद, टोकाकडे आणखी रुंद होत जाणारे, घाव घालण्यासाठीच घडवलेले. तिचे म्यान लोखंडी असून त्याला अंतराने दोन कड्या होत्या. कमरेच्या पट्ट्यावरून दोन वाद्या सोडलेल्या असत, पुढची आखूड आणि मागची लांब. त्या दोन कड्यांत अडकवल्या की तलवार डाव्या मांडीशी तिरकी लोंबे. पायी चालताना ती जमिनीवर घासू नये म्हणून पट्ट्याला एक आकडा असे, त्यात वरची कडी अडकवून तलवार वर उचलून घेत. पट्ट्याचे बक्कल बहुधा सापाच्या आकाराचे, आणि चामडे पांढरी माती लावून शुभ्र ठेवलेले. कवायतीच्या मैदानात हे सारे मोठे रुबाबदार दिसे.

पण या रुबाबाला दोन खोडी होत्या. तलवार दोन लांब वाद्यांवर लोंबत असल्यामुळे घोडा दौडू लागला की ती उसळे, आदळे, खणखणे. आणि म्यान लोखंडी असल्यामुळे तलवार दरवेळी बाहेर काढताना आणि आत घालताना धार लोखंडावर घासून बोथट होई. कवायतीत ती दिवसातून कितीतरी वेळा काढावी आणि घालावी लागे. म्हणजे जी तलवार शत्रूसाठी धार लावून दिली, तिची धार शांततेच्या काळातच संपून जाई.

१८२१ मध्ये नवा नमुना ठरला आणि हळूहळू १७९६ च्या तलवारी मोडीत निघाल्या. त्यांतली बरीच पाती हिंदुस्थानात आली आणि इथल्या स्वारांच्या हाती पडली. पुढे काय झाले, याची हकीकत एका इंग्रज घोडदळ अधिकाऱ्यानेच लिहून ठेवली आहे. त्याचे नाव कॅप्टन लुईस एडवर्ड नोलन. तो पंधराव्या हुसार रेजिमेंटचा, आणि काही वर्षे मद्रास इलाख्यात होता. घोडदळाचा इतिहास आणि डावपेच यांवरचे त्याचे पुस्तक १८५३ साली लंडनला प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, क्रिमियातल्या बालाक्लावाच्या लढाईत तो मारला गेला. हलक्या घोडदळाच्या त्या प्रसिद्ध आणि आत्मघातकी हल्ल्यात सर्वांत आधी पडलेल्यांत त्याचे नाव घेतात.

नोलन सांगतो ते थोडक्यात असे. निजामाच्या घोडदळाची बंडखोर रोहिल्यांशी चकमक झाली. स्वार संख्येने पुष्कळ कमी होते, तरी त्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. नोलनच्या हाती त्या लढाईतल्या मृत आणि जखमींची डॉक्टरांनी केलेली यादी आली. तिच्या शेऱ्याच्या रकान्यात एकामागून एक नोंदी होत्या. कुणाचा हात खांद्यापासून तुटलेला, कुणाचे मस्तक वेगळे झालेले, कुणी डोके वाचवायला हात वर केले तर दोन्ही मनगटे एकाच घावात गेलेली. नोलन चक्रावला. ही माणसे राक्षस आहेत, की त्यांची पाती जादूची आहेत? पुढे सेनापतींबरोबर हैदराबादकडे जाताना कृष्णा नदी ओलांडल्यावर त्याच स्वारांची एक तुकडी बंदोबस्ताला आली. त्याने तलवारी हातात घेऊन पाहिल्या आणि थक्क झाला. ती इंग्रजी फौजेने मोडीत काढलेली जुनी पाती होती! अभ्यासक ती प्रामुख्याने १७९६ च्या नमुन्याची मानतात.

पाते तेच, पण त्याच्या भोवतीचे सगळे बदलले होते. निजामाच्या स्वारांनी त्याला आपली देशी, लहान पकडीची, चपटी मूठ बसवली होती, त्यामुळे घाव धारेवरच पडे, पाते हातात फिरत नसे. मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार होती. म्यान लाकडाचे होते, त्यामुळे धार बोथट होत नसे. आणि पट्टा? नोलनने त्याचेही बारकाईने वर्णन केले, हे आमचे भाग्य. कमरपट्ट्याला म्यान धरणारी वादी एकच होती आणि तीही आखूड. शिवाय पट्ट्यावरून निघालेली दुसरी वादी तलवारीच्या मुठीतून जाऊन पुढच्या बाजूला एका गुंडीत अडकवलेली असे. घोडा कितीही उधळला तरी तलवार हलू नये आणि म्यानातून उसळून बाहेर पडू नये, यासाठी ही योजना. त्या तलवारी लढाईखेरीज कधीही उपसल्या जात नसत, हेही त्याने आवर्जून नोंदवले आहे.

त्याने एका म्हाताऱ्या स्वाराला खोदून विचारले की तुम्ही शिपायांना घाव घालायला शिकवता तरी कसे? स्वाराच्या उत्तराचा मतलब असा होता की शिकवायचे काय त्यात, धारदार तलवार कुणाच्याही हातात कापतेच. म्हणजे गुपित मनगटात नव्हते, रक्तात किंवा जातीतही नव्हते. निगा राखण्यात होते. लाकडी म्यान, शिकलगाराची धार आणि गुंडीत अडकवलेली वादी, एवढ्यात सारे आले.

हे वर्णन वाचल्यावर आम्हाला हाच पट्टा हवा होता. शोध सुरू केला. ऐतिहासिक नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांत मखमलीचे, जरीचे, पितळी चकत्यांचे पट्टे ढिगाने मिळाले. ते राजाच्या कमरेला शोभतात. महिन्याच्या पगारातून घोड्याचा दाणावैरण भागवणाऱ्या शिलेदाराला तसला पट्टा परवडला नसता. दुसरीकडे आपल्या देशात, विशेषतः उत्तरेकडच्या कानपूर, मेरठ, डेहराडून या शहरांत, जुन्या लष्करी सामानाच्या उत्तम नकला तयार होतात. त्या मुख्यतः परदेशी जातात. तिकडे जुन्या लढायांची प्रात्यक्षिके करणारी हौशी मंडळी असतात, चित्रपटवाले असतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातला गरुडाच्या पितळी पट्टीचा सेबरपट्टा हवा, तर मिळतो. नेपोलियनच्या काळातला इंग्रजी पांढरा पट्टा हवा, तर तोही मिळतो. सारे दोन वाद्यांचे. एका आखूड वादीचा, मुठीला बांध घालणारा दख्खनी पट्टा मात्र कुणाच्या यादीत नव्हता. कारण उघड आहे. ज्याची मागणी आहे त्याची नक्कल होते, आणि मागणी त्याच इतिहासाला येते ज्याच्याविषयी कुणीतरी सतत लिहीत-बोलत असते. हिंदुस्थानातले कारागीर अमेरिकन शिपायाचा पट्टा हुबेहूब शिवतात आणि आपल्याच मुलखातल्या स्वाराचा पट्टा त्यांच्यापुढे नमुन्याला नाही, यात त्यांचा दोष नाही. नमुना पुरवणे हे आमच्यासारख्या शिकवणाऱ्या-लिहिणाऱ्यांचे काम होते.

शेवटी पट्टा विकत घेण्याऐवजी करून घ्यायचे ठरले. आधी मुलांनी नोलनच्या वर्णनावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला. तो घेऊन आम्ही चामड्याचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. काकांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि वर्गातल्या कुणालाही न सुचलेला प्रश्न विचारला, “गुंडी अंगरख्याला की पट्ट्याला?” नोलन फक्त ‘पुढच्या बाजूला’ एवढेच म्हणतो. काकांचे म्हणणे पडले की अंगरख्याला लावली तर दोन दिवसांत कापड फाटेल. ओढ चामड्यानेच सोसली पाहिजे. आम्ही गुंडी पट्ट्याला लावली. हा तर्क आमचा आणि काकांचा आहे, नोलनचा नव्हे, हे मुलांनाही सांगितले. नक्कल करताना पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो हे सांगणे, यालाच इतिहास शिकणे म्हणतात.

कातडे म्हशीचे घेतले. काकांनी सांगितले की त्यांच्या वडिलांच्या काळी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांत कातडे कमावत आणि त्याला महिना महिना लागे. आता रसायनांत कमावलेले झटपट मिळते, पण ते पाणी वेगळ्या तऱ्हेने पिते. रापीने वाद्या कापल्या, आरीने भोके पाडली, मेण लावलेल्या दुपदरी दोऱ्याने शिवण घातली. तुलनेसाठी त्यांच्याकडूनच दोन वाद्यांचा इंग्रजी तऱ्हेचा आणखी एक पट्टा करून घेतला. तलवारीच्या जागी लाकडी पट्टी आणि तिला लाकडी म्यान केले. पाते कुठेच नव्हते.

मग मैदानावर प्रयोग झाला. एका मुलाने इंग्रजी तऱ्हेचा पट्टा बांधून मैदानाला फेरी मारली. दहा पावलांतच म्यान त्याच्या पोटरीवर आदळू लागले आणि न सांगता त्याचा डावा हात म्यान धरायला खाली गेला. दुसऱ्या मुलाने दख्खनी पट्टा बांधून तीच फेरी मारली. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. वर्गाला जे चार तास बोलून कळले नसते ते तिथे कळले. घोडेस्वाराच्या डाव्या हातात लगाम असतो. तो हात म्यान सांभाळण्यात गुंतला तर घोडा कोण सांभाळणार? पट्ट्याची सारी रचना त्या डाव्या हाताच्या मोकळेपणासाठी होती.

या डाव्या हाताची आणखी एक कथा आहे आणि तीही हिंदुस्थानातलीच. सॅम ब्राउन हा पंजाबच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळ सिरपुरा येथे बंडवाल्यांच्या तोफेवर चालून जाताना त्याचा डावा हात तलवारीच्या घावाने खांद्यापासून गेला. म्यान धरायला हातच उरला नाही. तेव्हा त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा जोडला आणि म्यान घट्ट बसेल अशी चामड्याची खोबण केली, असे परंपरेने मानले जाते. पुढे तो ‘सॅम ब्राउन बेल्ट’ जगभरच्या फौजांनी उचलला. आपल्याकडच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या समारंभी गणवेशात तो पाहायला मिळतो. त्याच्या नावासह तो इतिहासात राहिला. हीच अडचण निजामाच्या स्वारांनी दोन्ही हात शाबूत असताना त्याआधीच सोडवली होती. त्यांच्या पट्ट्याला कुणाचेच नाव मिळाले नाही. नोलनला तो लिहावासा वाटला नसता, तर त्याची एवढीही निशाणी उरली नसती.

इथपर्यंत वाचून कुणाला अभिमान वाटला तर ते स्वाभाविक आहे. पण गोष्ट इथेच थांबवली तर आम्ही मुलांना अर्धाच इतिहास शिकवला असे होईल. डॉक्टरांची ती यादी पुन्हा आठवावी. मनगटे तुटलेला तो माणूस कोण होता? रोहिला होता, म्हणजे पठाण वंशाचा, पोटासाठी दख्खनेत आलेला मुसलमान. घाव घालणारा स्वार? त्या रिसाल्यांत दख्खनी मुसलमानांचा मोठा भरणा होता. एकाच किब्ल्याकडे तोंड करणारे दोघे, एकाने हात वर केले आणि दुसऱ्याने ते तोडले. त्यांच्यामध्ये धर्माचे भांडण नव्हते; एकाची चाकरी होती आणि दुसऱ्याचे बंड. ज्यांना तलवारीत आपल्या समाजाचे वैभव दिसते आणि ज्यांना त्याच तलवारीत एका समाजाचा क्रूरपणा दिसतो, त्या दोघांनीही ही यादी वाचावी.

आणि या स्वारांचा पगार कोण भरत होते? निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ही फौज. तिच्या छावण्या मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हिंगोलीला आणि औरंगाबादला होत्या. आज ते शहर छत्रपती संभाजीनगर आहे. पगाराची थकबाकी वाढत गेली, कंपनीचे कर्ज निजामाच्या डोक्यावर चढले आणि २१ मे १८५३ च्या तहाने नासिरुद्दौला यांना वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब या फौजेच्या खर्चापोटी कंपनीच्या हवाली करावे लागले. नोलनचे पुस्तक लंडनच्या बाजारात आले त्याच वर्षीची ही गोष्ट. तिकडे या स्वारांच्या तलवारींची वाहवा होत होती, इकडे त्यांच्या पगारापायी वऱ्हाडची कापसाची काळी जमीन हातची जात होती. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली महबूब अली खान यांच्याशी करार होऊन ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. ‘पट्टा’ हा शब्द मराठीत कमरेलाही बांधतात आणि जमिनीचाही करतात. मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “सर, मग कुणाचा पट्टा महाग पडला?” आम्ही उत्तर दिले नाही. प्रश्नच पुरेसा होता.

या रिसाल्यांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट हे नाव संपले आणि तिचे घोडदळ हिंदी लष्करात मिसळून गेले. त्यातली विसावी डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये गेली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ तिच्या स्वारांनी भाले रोखून मशिनगनच्या रणात घोडे घातले. तोवर सेबरपट्ट्याचे दिवस सरले होते. तलवार स्वाराच्या कमरेवरून खोगिराला लटकवली जाऊ लागली होती. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतही बंद झाली. १९२१ मध्ये विसावी आणि एकोणतिसावी या दोन रेजिमेंट एकत्र होऊन आजची डेक्कन हॉर्स बनली. ती भारतीय सेनेत रणगाड्यांची रेजिमेंट आहे. घोडे गेले, नाव राहिले.

एका पट्ट्याच्या नकलेतून आम्हाला मिळाले ते असे. तलवार दाखवली की मूल विचारते, हिने किती मारले? पट्टा दाखवला की ते विचारते, हा कसा बांधायचा, कोणी शिवला, त्याला किती मिळाले, ही वादी कशासाठी? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न माणसाला शहाणे करतात. त्या शेवटच्या वादीचे उत्तर आम्ही दरवर्षी वर्गाकडूनच काढून घेतो. ती तलवार बाहेर काढायला मदत करत नव्हती, ती तलवारीला आत ठेवत होती. ज्यांच्या तलवारीची धार सगळ्यांत तीक्ष्ण होती, त्यांनीच तिला सगळ्यांत घट्ट बांधून ठेवले होते. हत्यार मिरवणारा आणि हत्यार जाणणारा यांच्यातला फरक सांगायला याहून सोपे शैक्षणिक साहित्य आम्हाला तरी सापडलेले नाही.

जाता जाता वाचकांना एक विनंती. आपल्या खेड्यापाड्यांत, अंबाजोगाई, हिंगोली, कन्नड, उदगीर परिसरात, अशी घरे असतील जिथे पेटीच्या तळाशी एखादी सुकलेली वादी, पितळी बक्कल, खोगिराचा तुकडा, पेन्शनचा उर्दू किंवा मोडी कागद पडून असेल. तलवार असेल तर कायदा काय सांगतो ते आधी पाहून घ्या. पण चामड्याच्या तुकड्याला परवाना लागत नाही. तो फेकू नका. त्याची लांबी-रुंदी मोजा, शिवणीत इंचाला किती टाके आहेत ते मोजा, भोके कुठे आहेत ते कागदावर काढा, घरातल्या बुजुर्गांना त्याविषयी काय आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि ते कागद जवळच्या शाळेला द्या. मग पुढच्या शिक्षकाला दख्खनी स्वाराचा पट्टा शोधायला लंडनच्या पुस्तकापर्यंत जावे लागणार नाही.